पान सादळते तेव्हा

श्रावणाच्या सुमारास स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीला पाणी सुटते. पापडाच्या डब्याचे झाकण दोन दिवस सैल राहिले, तर पापड चामड्यासारखे वाकू लागतात. आणि पाहुण्यांपुढे ठेवलेली बिस्किटे न मोडता दाताला चिकटतात. या साऱ्या प्रकाराला मराठीत एकच नेमके क्रियापद आहे, ते म्हणजे सादळणे. भिजणे निराळे आणि सादळणे निराळे. भिजलेल्या वस्तूवर पाणी पडलेले दिसते. सादळलेल्या वस्तूवर एक थेंबही पडलेला नसतो. तिने हवेतले पाणी गुपचूप पिऊन घेतलेले असते. ज्या भाषेने या क्रियेला स्वतंत्र शब्द दिला, त्या भाषेतील गृहिणींनी हवेची परीक्षा पुष्कळ आधीपासून केली असली पाहिजे.

शास्त्रज्ञ ही परीक्षा आकड्यांत करतात. विशिष्ट उष्णतेला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ सामावून घेऊ शकते, तिच्या शेकडा किती वाफ हवेत प्रत्यक्ष आहे, हे सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता. शुद्ध मीठ साधारणतः ७५ टक्क्यांच्या पुढे पाझरू लागते. खड्याच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्यामुळे ते त्याहून पुष्कळ आधी ओलावते. म्हणजे मिठाची बरणी हे घरोघरचे एक आर्द्रतामापक यंत्रच होय. १७८३ साली सोश्यूर या स्विस संशोधकाने माणसाच्या केसापासून असे यंत्र तयार केले. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. त्या हालचालीने काटा फिरतो. केस, मीठ, पापड, लाकूड, कापूस आणि तंबाखू ही सारी एकाच कुळातली मंडळी आहेत. भोवतालची हवा जशी, तसे त्यांच्या पोटातले पाणी.

या गोष्टीचा प्रत्यय घ्यावयाचा असेल, तर भिलाईसारखे गाव शोधून सापडणार नाही. छत्तीसगढच्या मैदानात वसलेल्या या पोलादनगरीत वर्षभरात जणू दोन भिन्न देशांची हवा येऊन जाते. मे महिन्याच्या दुपारी पारा ४४ अंशांवर चढतो आणि हवेची आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. ओला टॉवेल दोरीवर टाकून पाठ वळवावी, तो तो खडखडीत वाळलेला असतो. पुढे अवघ्या सहा-सात आठवड्यांत पावसाळी वारे येतात आणि तोच आकडा सकाळच्या वेळी नव्वदीच्या घरात जातो. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली, तेव्हापासून हे गाव रुळांसाठी प्रसिद्ध आहे. साठ टक्क्यांच्या पुढे आर्द्रता गेली, की लोखंडावर गंज झपाट्याने चढू लागतो. तेव्हा हवेतील ओल हा विषय भिलाईला नवा नाही. परंतु रूळ गंजला तरी वरवर तांबूस होतो एवढेच. तो मोडत नाही. पानाचे तसे नाही.

अशा गावातील एखाद्या मराठी गृहस्थाकडे परदेशाहून आलेल्या आप्ताने सिगारची पेटी भेट म्हणून आणली, असे समजा. गृहस्थ स्वतः ओढणारे नव्हेत; पाहुण्यांसाठी म्हणून त्यांनी ती पेटी दिवाणखान्यातील कपाटात ठेवून दिली. मे महिन्यात उघडून पाहतात, तो सिगारचे बाहेरचे पान बोट लावताच तडकते. कोणी ती शिलगावलीच, तर ती भराभर जळते, धूर कढत लागतो, आणि ज्या गंधासाठी एवढे मोल मोजले तो गंध केव्हाच उडून गेलेला असतो. आता गृहस्थांना वाटते की हिला थोडे पाणी दाखवावे. हीच खरी चूक. सिगार म्हणजे आतले चुरलेले पान, त्याला आवळणारे मधले पान आणि वरचे तलम वेष्टन, अशी तीन पानांची गुंडाळी असते. एकदम ओल मिळाली की आतली पाने वेष्टनापेक्षा अधिक फुगतात आणि कोरडे वेष्टन उभे उकलते. वाळलेली सिगार सुधारावयाची, तर ती आठवड्यामागून आठवडे हळूहळू सादळू द्यावी लागते. आणि तरीही उडालेला गंध काही परत येत नाही.

दुसरी पेटी पावसाळ्यात आली, तर उलटा प्रकार. सिगार मऊ पडते, फुगते, ओढताना दम लागतो, मध्येच विझते. लवकरच तिच्यावर बुरशीचे हिरवट पांढरे ठिपके उमटतात. उष्णतेची जोड मिळाली की एक तपकिरी भुंगा तंबाखूतील अंड्यांतून बाहेर पडतो आणि टाचणीने टोचल्यासारखी बारीक छिद्रे पाडीत सुटतो. हा भुंगा मोठा सर्वभक्षी आहे. हळकुंडांना आणि धन्यांना लागणारी कीड बहुधा हीच. शीतकपाट हाही उपाय नव्हे. तेथील गार हवा फार कोरडी असते.

म्हणून शौकिनांनी एक खास पेटी शोधून काढली. आतून देवदारासारख्या सुवासिक लाकडाचे अस्तर, ओल पुरविणारा एक बोळा, झाकणात बसविलेले आर्द्रतामापक. आत सदासर्वकाळ ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश उष्णता राहिली पाहिजे, एवढाच तिचा हेतू. यंत्र खरे बोलते की नाही हे पाहण्याची युक्ती मात्र आपल्या मिठाच्या बरणीतलीच आहे. एका झाकणात मीठ घेऊन ते चिखलासारखे ओले करावे आणि यंत्रासह हवाबंद डब्यात ठेवावे. दुसऱ्या दिवशी काटा ७५ वर असावयास हवा.

ही झाली हौसेची कथा. तिच्यात नुकसान होते ते पेटीच्या मालकाचे, आणि ते त्याला परवडते. भिलाईच्या रस्त्यावरून मे-जूनमध्ये पानाच्या बोऱ्यांनी लादलेल्या मालमोटारी राजनांदगावकडे, तेथून पुढे गोंदियाकडे जाताना दिसतात. ते पानही तंबाखूभोवती गुंडाळावयाचेच असते. त्याच्या नशिबी मात्र देवदाराची पेटी नाही.

हे पान तेंदूचे. मराठीत या झाडाला टेंभुर्णी म्हणतात. त्याची पिवळी गोड फळे विदर्भातील मुलांना चांगली ठाऊक आहेत. विडीसाठी आपट्याचे पानही चालते, पण तेंदूची सर त्याला नाही. तेंदूचे पान रुंद असते, चिवट असते, मुडपले तरी सहसा फाटत नाही, आणि वाळल्यावर पुन्हा ओलावले म्हणजे पूर्ववत लवचिक होते. या अखेरच्या गुणावरच विडीचा सारा धंदा उभा आहे. भिलाईच्या दक्षिणेस दल्ली-राजहऱ्याच्या लोहखाणींभोवती जे जंगल आहे, तेथपासून कांकेर-बस्तरपर्यंत आणि इकडे गोंदिया, गडचिरोलीपर्यंत हे झाड पसरलेले आहे. एकाच टापूतून भिलाईला लोखंडाचा दगड मिळतो आणि विडीला पान मिळते.

हंगाम एप्रिलअखेर ते जूनचा आरंभ, म्हणजे जेमतेम सहा आठवड्यांचा. पहाटे घरातली बायकामाणसे रानात जातात, पाने खुडून डोक्यावरून गाठोडी आणतात, आणि दुपारभर सारे घर पाने मोजीत बसते. छत्तीसगढमध्ये पन्नास पानांची एक गड्डी आणि हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा, असा हिशेब आहे. २०२४ च्या हंगामात मानक बोऱ्याची मजुरी ५,५०० रुपये ठरली. पन्नास हजार पानांनी भागले म्हणजे एका पानाला अकरा पैसे पडतात. पूर्वी हा व्यापार खाजगी ठेकेदारांच्या हाती होता. मध्य प्रदेशाने १९६४ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली कायदे करून तो सरकारी नियंत्रणाखाली आणला. ही सुधारणा लहान नव्हती. परंतु हवेवर कोणत्याच सरकारचे नियंत्रण नसते, आणि पानाचे खरे मोल ठरते ते फडावर.

फड म्हणजे पान वाळविण्याचे उघडे मैदान. संध्याकाळी गड्ड्या मोजून घेतल्या की त्या रांगेने जमिनीवर मांडतात. आठ-दहा दिवस त्या तेथेच उन्हाने तापत राहतात. मध्ये एकदा उलटाव्या लागतात. ओली गड्डी ओल्या गड्डीवर राहिली, तर आतल्या आत उबून पान काळे पडते. वळवाची एक सर अर्धवट वाळलेल्या फडावर आली, तर पानावर डाग उठतात आणि तो माल कवडीमोल होतो. मे महिन्याच्या दुपारी पश्चिमेला ढग दिसला, की शेतकरी आनंदतो आणि फडमुंशीचा चेहरा उतरतो. एकाच ढगाकडे पाहणाऱ्या या दोन माणसांपैकी पुष्कळदा दोघेही एकाच घरचे असतात, ही तेथली आणखी एक गंमत.

पान नीट वाळले, म्हणजे काम संपले असे मात्र नाही. ४४ अंशांच्या उन्हात वाळलेले पान इतके ठिसूळ होते, की बोऱ्यात दाबताच त्याचा भुगा व्हावा. म्हणून एवढ्या खटाटोपाने काढलेले पाणी आता पुन्हा घालावयाचे असते. संध्याकाळी गड्ड्यांवर पाणी शिंपडतात, रात्रभर पान मुरू देतात, आणि भल्या पहाटे, ऊन चढण्यापूर्वी, बोरे भरतात. पहाटच का, याचे उत्तर थोड्या आकडेमोडीने मिळते. दुपारी ४४ अंशांना आर्द्रता २० टक्के असेल, तर एक घनमीटर हवेत वाफ असते सुमारे साडेबारा ग्रॅम. पहाटे पारा २८ अंशांवर उतरला, तर तेवढ्याच उष्णतेची हवा भरून जावयास २७ ग्रॅम वाफ पुरते. म्हणजे हवेत एक थेंबही पाणी न वाढता आर्द्रता २० वरून ४६ टक्क्यांवर गेली. जंगलातल्या माणसाने हे गणित कागदावर कधी मांडले नसेल. पण पहाटे पान हाताला नरम लागते आणि दहा वाजता खरखरते, हे त्याला पक्के ठाऊक आहे.

पाणी किती शिंपडावयाचे, हा या धंद्यातला सर्वांत अवघड प्रश्न. कमी पडले तर पान मोडते. अधिक झाले तर त्याहून वाईट. दाबून भरलेल्या ओल्या बोऱ्यात सूक्ष्म जंतू कामाला लागतात, बोरा आतून तापतो, आणि महिन्याभराने उघडावा तर मध्यभागी काळपट, कुबट गठ्ठा निघतो. बाहेरून बोरा अगदी शहाजोग दिसतो. भरलेले बोरे म्हणूनच पुन्हा उन्हात ठेवून मग गोदामात नेतात. गोदामातही ते भिंतीला टेकवावयाचे नाहीत, जमिनीवर लाकडी फळ्यांचा आधार हवा, थप्प्यांमध्ये वारा खेळण्यास वाट हवी. उन्हाळ्यात आगीची भीती आणि पावसाळ्यात बुरशीची. खरे पाहता त्या गोदामातील राखणदाराला सिगारच्या पेटीवरचे ते लहानसे यंत्र अधिक उपयोगी पडेल. परंतु तेथे यंत्राचे काम बोटे करतात. पानाची मधली शीर दाबून पाहिली, की पाण्याचा अंदाज येतो.

आता हे पान गोंदियाला, भंडाऱ्याला, कामठीला, सिन्नरला किंवा थेट सोलापूरला जाते. हावड्याहून नागपूरकडे येणाऱ्या लोहमार्गाने या भागातील विडीच्या धंद्याला मोठा हात दिला; भिलाई आणि गोंदिया ही दोन्ही गावे त्याच मार्गावरची. निपाणीकडचा किंवा गुजरातेतील चरोतरचा जर्दा आणि छत्तीसगढचे पान यांची गाठ पडते ती मात्र कारखान्यात नव्हे, तर बहुधा एखाद्या बाईच्या घरी. ठेकेदार तिला पान, जर्दा आणि दोरा मोजून देतो. रात्री जेवणे आटोपली की ती पाने भिजवते, निथळते आणि ओल्या फडक्यात किंवा गोणपाटात गुंडाळून ठेवते. सकाळी पत्र्याचे माप पानावर ठेवून कात्रीने तुकडे कापते, मांडीवर सूप घेऊन बसते, आणि बोटांच्या एका वळशाने विडी वळते. मजुरी हजारावर असते. सोलापूरजवळ कुंभारी येथे अशा स्त्रियांसाठी दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले आहे. अशा घरातील ज्या कोपऱ्यात पान ओलावते, त्याच खोलीत मुले झोपतात. पानाला मानवणारी ओल मुलांच्या छातीला मानवत नाही, आणि जर्द्याची धूळ तर कोणालाच नाही. विडी ओढणाऱ्याच्या देहाचे काय होते, याविषयी आता वैद्यकात मतभेद उरलेला नाही; वळणाऱ्या स्त्रीच्या देहाविषयी मात्र पुरेसे बोलले जात नाही.

पानाची परीक्षा या स्त्रीच्या हाती दुसऱ्यांदा होते, आणि या वेळी तोटा कोणाचा हे स्पष्ट असते. जंगलात वळवाची सर आली होती, की फडावर पाणी जास्त झाले होते, की गोदामात थप्पी भिंतीला टेकली होती, यांपैकी तिला काहीच ठाऊक नसते. तिच्यापुढे येते ते डागाळलेले किंवा ठिसूळ पान. त्यातून मापाचे तुकडे कमी निघतात. विड्यांची संख्या मात्र पुरी भरावी लागते. वळलेल्यांपैकी काही वाळल्यावर तडकतात. माल जमा करताना अशा विड्या बाजूला काढतात. त्याला छाट म्हणतात. छाटीची मजुरी द्यावयाची की नाही आणि छाटलेल्या विड्या कोणाच्या, यावरून विडी कामगारांनी पुष्कळ भांडणे केली आहेत.

१९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी एक कायदा केला. श्रीमंताची सिगार आणि गरिबाची विडी एकाच कायद्याच्या नावात शेजारी बसली, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. त्या कायद्याच्या २९ व्या कलमात पाने भिजविणे आणि कापणे या कामांचा स्पष्ट उल्लेख होता. कारखान्याबाहेर ती करावयाची तर राज्य सरकारची परवानगी आणि तिची नोंद आवश्यक ठरविली होती. घरी नेऊन विडी वळणाऱ्यांना मात्र त्या बंधनातून वगळले होते, आणि बहुतेक काम तर घरीच होते. ३९ व्या कलमात कच्चा माल, छाट आणि छाटीची मजुरी यांवरील वाद कोणापुढे न्यावयाचे याची तरतूद होती. पुढे हा विषय २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट झाला. कायदा लिहिणाऱ्यांनी पानाच्या पाण्याकडे लक्ष दिले, ही समाधानाची गोष्ट. परंतु विडी का तडकली, वळणाऱ्या हाताने की सहा महिन्यांपूर्वीच्या ढगाने, हे ठरविण्याचे माप कोणत्याच कलमात सापडत नाही. पान देतानाच त्याची प्रत आणि वजन दोन्ही पक्षांसमक्ष लिहून ठेवली, तर निम्मे वाद उद्भवणार नाहीत. एवढे करावयास कोणते यंत्रही लागत नाही.

आषाढ-श्रावणात या कामाला आणखी एक वळण मिळते. उन्हाळ्यात पान रात्रभर फडक्यात ठेवले तरी सकाळी कडा कोरड्या होतात, म्हणून मध्येच उठून पुन्हा पाणी मारावे लागते. पावसाळ्यात हवाच नव्वद टक्के भरलेली; बोऱ्यातून निघालेले पान आधीच सादळलेले असते. तेव्हा अनुभवी बाई ते बुडवीत नाही, नुसता ओला हात फिरवते. वळलेल्या विड्या मात्र वाळता वाळत नाहीत. जर्दा ओल धरतो, पानाची घडी सुटते, दोऱ्याची गाठ ढिली पडते. म्हणून कारखान्यात विड्या भट्टीच्या उबेवर शेकतात आणि गरम असतानाच त्यांची बंडले कागदात बांधतात. जंगलातून निघाल्यापासून पानात पाणी घालण्याची आणि काढण्याची ही अखेरची खेप.

कागदात बांधलेली ही बंडले पुन्हा त्याच लोहमार्गाने आणि त्याच रस्त्याने उलट येतात. भिलाईत सुपेल्याच्या बाजारात किंवा पॉवर हाउसच्या नाक्यावर एखाद्या टपरीत, रात्रपाळी संपवून आलेला कामगार भर पावसात एक बंडल मागतो. टपरीवाला ते फळीवरून काढून देत नाही. बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा त्याने त्यासाठी राखून ठेवलेला असतो. त्याचे झाकण दोन्ही अंगठ्यांनी उचकटतो, बंडल बाहेर काढतो, आणि पैसे घेण्यापूर्वी झाकण पुन्हा घट्ट दाबून बसवतो. गिऱ्हाईक एक विडी काढून कानाशी नेते आणि चिमटीत हलकेच फिरवते. कुरकुरली, तर ती कोरडी आहे.